‘दंगल’ कुस्तीची की दंग्याची? परभणीच्या जत्रेतल्या एका शब्दाची गोष्ट

जत्रेच्या फलकावर ‘कुस्त्यांची जंगी दंगल’ आणि बंदोबस्ताच्या गाडीवर ‘दंगल नियंत्रण पथक’. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आले कुठून? मराठी आणि हिंदी ‘दंगल’मध्ये फरक काय? आणि मोबाइलवर हा शब्द वाचताना दोनदा विचार का करायला हवा? समजून घेऊया.

परभणी जिल्ह्यात दिवाळी उलटली, रब्बीची पेरणी आटोपली की जत्रांचा हंगाम सुरू होतो. तो थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतो. जिंतूर असो, गंगाखेड असो की पालम, गावोगावी चौकात फलक लागतात. त्यावर ग्रामदैवताचा फोटो, खाली पुढाऱ्यांचे फोटो आणि मोठ्या अक्षरांत एक ओळ असते: ‘कुस्त्यांची जंगी दंगल’.

त्याच जत्रेत बंदोबस्तासाठी पोलिसांची गाडी येते. यात्रा मोठी असेल तर त्या गाडीवर ‘दंगल नियंत्रण पथक’ असे शब्दही दिसतात. म्हणजे गावाने दंगल ठेवली आहे आणि पोलीस दंगल रोखायला आले आहेत. यात कोणालाच काही विचित्र वाटत नाही. पहिली दंगल बघायला लोक लेकरांना खांद्यावर बसवून जातात. दुसरीचे नाव काढले तरी शटर खाली येतात.

मुळात शब्द आला कुठून?

‘दंगल’ हा शब्द आपल्याकडे फार्सीतून आला. फार्सी आणि उर्दू शब्दकोशांत त्याचे अर्थ गर्दी, जमाव, मेळा आणि कुस्तीचा आखाडा असे मिळतात. शब्दाच्या मुळाशी कुस्ती किंवा मारामारी नाही, माणसांची दाटी आहे. लोक एका ठिकाणी गोळा झाले की ती दंगल.

इथेच दोन्ही अर्थांची किल्ली सापडते. जमलेली माणसे गोल करून बसली आणि मध्ये दोन पैलवान उतरले, तर ती कुस्त्यांची दंगल. जमलेल्या माणसांच्या हातात दगड आले, तर दुसरी दंगल. जमाव दोन्हीकडे आहे. तो जमून काय करतो, यावर पुढचा अर्थ ठरला.

मराठीत ‘दंग’ हाही शब्द आहे. फार्सीत त्याचा अर्थ चकित किंवा थक्क. मराठीत तो ‘तल्लीन’ या अर्थाने स्थिरावला. म्हणून आपण भजनात दंग होतो, खेळात दंग होतो आणि निकाली कुस्ती बघतानाही दंग होतो.

कुस्तीची भाषा इतकी फार्सी कशी?

फक्त दंगलच नाही, आखाड्यातले निम्मे शब्द दूरचा प्रवास करून आलेले आहेत. ‘कुस्ती’ हा शब्दच फार्सी आहे. इराणमध्ये आजही या खेळाला ‘कोश्ती’ म्हणतात. ‘पैलवान’ हे फार्सी ‘पहलवान’चे मराठी रूप. ‘वस्ताद’ म्हणजे ‘उस्ताद’. ‘जोर’ काढणे, ‘मैदान’ मारणे, फलकावरचे ‘जंगी’ हे शब्दही फार्सीच. ‘जंग’ म्हणजे युद्ध आणि त्यावरून जंगी.

‘तालीम’ मूळची अरबी, तिचा अर्थ शिक्षण. उर्दूत शाळा-कॉलेजच्या शिक्षणाला आजही तालीम म्हणतात. मराठीत मात्र ती व्यायामाची जागा झाली आणि नाटकाचा सरावही झाली. बक्षिसाचा ‘इनाम’ हाही अरबीतलाच.

इराणमध्ये पारंपरिक व्यायामशाळेला ‘जोरखाना’ म्हणतात. तिथे गोल हौदात उतरून, ढोलाच्या तालावर, लाकडी मुद्गल फिरवत व्यायाम होतो. या पहलवानी परंपरेचा समावेश युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. जागा गोल, साथीला वाद्य आणि हातात मुद्गल. आपल्याकडच्या तालमीत वाढलेल्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही.

दुसऱ्या बाजूला ‘आखाडा’ हा शब्द संस्कृत ‘अक्षवाट’पासून प्राकृतमार्गे आला. ‘मल्ल’, ‘गदा’, ‘केसरी’ हेही संस्कृतचे. म्हणून एकाच खेळात एक किताब ‘रुस्तम-ए-हिंद’ आहे आणि दुसरा ‘हिंद केसरी’. रुस्तम हा इराणी महाकाव्य शाहनाम्याचा वीर, तर केसरी म्हणजे सिंह. मातीत दोन्ही शेजारी शेजारी नांदतात.

परभणीत हा शब्द इतका का रुळला?

पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर-सांगली पट्ट्यात, ‘कुस्त्यांचे मैदान’ हा शब्दप्रयोग अधिक कानावर पडतो. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभे राहिलेले खासबागही मैदानच, १९१२ सालचे. मराठवाड्यात मात्र ‘कुस्त्यांची दंगल’ जास्त चालते. दोन्हीकडे दोन्ही शब्द कळतात, पण फलकावर काय येणार हे प्रदेशावर ठरते.

यामागे भाषेचा शेजार आहे. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. निजामाच्या राज्यात सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. कचेरी, शाळा, बाजार सगळीकडे उर्दू आणि मराठी एकमेकींना लागून राहिल्या. आजही परभणीच्या बाजारात दोन्ही भाषा ऐकू येतात. दर फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा सगळ्या समाजांची माणसे तिथे येतात.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा मराठवाड्यातल्या मोठ्या यात्रांपैकी एक. तिथेही पशुप्रदर्शन आणि लावणीबरोबर कुस्त्यांची दंगल हा ठरलेला कार्यक्रम असतो. यात्रा खंडोबाची आणि शब्द फार्सी. गावाला यात विसंगती दिसत नाही, कारण शब्द कुठून आला हे विचारत कोणी कुस्ती बघत नाही.

दंगल, आखाडा, फड, तालीम: नेमका फरक काय?

बातम्यांत हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. प्रत्यक्षात प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

तालीम: रोजच्या सरावाची जागा. इथे वस्ताद असतो, पैलवान राहतात, जोर-बैठका होतात.

आखाडा: कुस्ती जिथे होते ती मातीची जागा. तालमीतलाही आखाडा आणि जत्रेतलाही आखाडाच.

फड: एखाद्या कामासाठी भरलेला जमाव किंवा जागा. कुस्तीचा फड, तमाशाचा फड, उसाचा फड. ‘फड जिंकला’ म्हणजे तिथल्या सगळ्यांना मागे टाकले.

मैदान: मोकळी जागा आणि तिथे भरलेल्या कुस्त्याही.

दंगल: जागा नव्हे, प्रसंग. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या गावात, लोकांसमोर होणाऱ्या कुस्त्यांचा पूर्ण कार्यक्रम.

थोडक्यात, पैलवान तालमीत घडतो, आखाड्यात उतरतो आणि दंगलीत नाव कमावतो.

दंगल चालते कशी?

गावची यात्रा समिती वर्गणी गोळा करते. मोकळ्या रानात जागा ठरते. माती नांगरून, ढेकळे फोडून मऊ केली जाते. दुपारनंतर हलगी वाजू लागते आणि लोक गोल करून बसतात.

सुरुवात लहान मुलांपासून होते. त्यांची कुस्ती रेवड्यांवर किंवा नारळावर लागते. मग रकमा वाढत जातात. पंच आणि जाणती माणसे वजन, उंची, वय बघून ‘जोड लावतात’. जोड न पटल्यास पैलवान नकार देऊ शकतो. एखादी जोड आवडली तर प्रेक्षकांतूनही बक्षिसाची रक्कम वाढवली जाते. दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती लागते आणि तिच्या विजेत्याला रोख रकमेबरोबर फेटा, कधी चांदीचे कडे, कधी गदा मिळते.

निकाल साधा असतो. पाठ मातीला टेकली की कुस्ती चितपट. बराच वेळ कोणी पडले नाही तर पंच बरोबरीत सोडवतात. पण लोकांना ‘निकाली’ कुस्तीच हवी असते.

या सगळ्यात एक गोष्ट ठरलेली असते. कुस्ती लागण्याआधी ध्वनिक्षेपकावरून दोघांची नावे पुकारली जातात. नाव, गाव, तालीम, वस्ताद. अनेकदा वडिलांचे नावही. दंगलीत उतरणारा प्रत्येक जण ओळख देऊन उतरतो.

मग ‘स्पर्धा’ आणि ‘दंगल’ यात काय फरक?

स्पर्धेत वजनगट असतात, ड्रॉ निघतो, गुण मोजले जातात. ऑलिम्पिकमधल्या फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात आणि दहा गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच थांबते. दंगलीत वजनकाटा सहसा नसतो, जोड नजरेने लागते. स्पर्धेत एक विजेता ठरतो. दंगलीत जेवढ्या कुस्त्या, तेवढे विजेते.

दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे महाराष्ट्र केसरी. पहिली महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादेत झाली आणि दिनकर दह्यारी तिचे पहिले मानकरी ठरले. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. मराठवाड्यातून गेलेले हरिश्चंद्र बिराजदार हे १९६९ चे महाराष्ट्र केसरी. ते लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे.

महिलांसाठी हे दार बरेच उशिरा उघडले. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली.

हिंदीतला दंगल आणि मराठीतली दंगल

२३ डिसेंबर २०१६ रोजी आमीर खानचा ‘दंगल’ प्रदर्शित झाला. महावीरसिंह फोगट आणि त्यांच्या मुलींची ही गोष्ट. हिंदी प्रेक्षकाला नाव वाचताच कुस्ती आठवली, कारण हिंदीत दंगल म्हणजे कुस्तीच. दगडफेक, जाळपोळ यासाठी हिंदीत ‘दंगा’ हा वेगळा शब्द आहे. चीनमध्ये हाच चित्रपट ‘चला कुस्ती खेळू या, बाबा’ अशा अर्थाच्या नावाने लागला.

व्याकरणातही फरक आहे. हिंदीत दंगल पुल्लिंगी, ‘बड़ा दंगल’. मराठीत स्त्रीलिंगी, ‘मोठी दंगल’.

मराठीतही ‘दंगा’ आहेच. १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध शेतकरी उठले, त्या घटनेला आपण ‘दख्खनचे दंगे’ म्हणतो. घरात मुलांनाही ‘दंगा करू नका’ असेच सांगितले जाते. पण काळाच्या ओघात मराठीत दंगा सौम्य झाला, पोरांच्या दंगामस्तीपर्यंत खाली आला. गंभीर प्रसंगासाठी ‘दंगल’ वापरात आली. १९९२-९३ च्या मुंबईतल्या घटनांचा उल्लेख मराठीत ‘मुंबई दंगल’ असाच होतो.

आता शब्दाची अवस्था अशी आहे. ‘दंगल’ एकटी आली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हिंसाच येते. कुस्तीचा अर्थ हवा असेल तर आधी ‘कुस्त्यांची’ लावावे लागते. तयार झालेले जोडशब्दही बघा: दंगलखोर, दंगलग्रस्त, दंगलसदृश. सगळे हिंसेचेच. पैलवानाला कोणी दंगलखोर म्हणत नाही.

पोलिसांच्या भाषेत मात्र दोन्ही शब्द टिकून आहेत. पथकाचे नाव ‘दंगल नियंत्रण’, पण सणासुदीच्या आधी चौकात होणाऱ्या सरावाचे नाव बहुतेक वेळा ‘दंगा काबू योजना’. आणि त्या सरावाच्या बातमीत हमखास येणारा शब्द कोणता? ‘रंगीत तालीम’. आखाड्याची भाषा इथेही पोलिसांच्या मागे येते.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १८९ बेकायदेशीर जमावाबद्दल आणि कलम १९१ दंग्याबद्दल आहे. पाच किंवा अधिक माणसे कायद्याने ठरवलेल्या बेकायदेशीर समान उद्देशाने एकत्र आली, तर तो बेकायदेशीर जमाव. त्या उद्देशासाठी जमावाने किंवा त्यातल्या एकानेही बळाचा अथवा हिंसेचा वापर केला, तर जमावातला प्रत्येक सदस्य दंग्याच्या गुन्ह्यास पात्र ठरतो.

म्हणजे कायद्यातही सुरुवात जमावापासूनच होते, फार्सी शब्दकोशासारखी. दगड एकाने मारला तरी जबाबदारी त्या जमावातल्या सगळ्यांवर येऊ शकते. म्हणूनच एखाद्या घटनेला ‘दंगल’ म्हणणे ही साधी शब्दाची निवड राहत नाही.

एक शब्द किती झाकतो?

परभणीकरांना हे वेगळे सांगायला नको. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. पोलिसांनी अनेकांना अटक केली. न्यायालयीन कोठडीत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा १५ डिसेंबरला मृत्यू झाला.

या घटनाक्रमात विटंबना आहे, निषेध आहे, बंद आहे, तोडफोड आहे, पोलिसांची कारवाई आहे आणि कोठडीतला मृत्यू आहे. या सगळ्यावर ‘परभणीची दंगल’ असे तीन सेकंदांचे लेबल लावले, की ही प्रत्येक गोष्ट वेगळी दिसेनाशी होते. शांतपणे निषेध करणारा आणि काच फोडणारा एकाच शब्दात बसतात. कोणी काय केले, कोणावर काय बेतले, हे प्रश्न मागे पडतात.

कुस्त्यांच्या दंगलीत नेमके उलटे असते. तिथे नाव पुकारल्याशिवाय कुस्ती लागत नाही. पंच समोर उभे असतात, निकाल सगळ्यांदेखत होतो आणि हरलेला जिंकलेल्याला मिठी मारून बाहेर पडतो.

मोबाइलवर हा शब्द दिसला तर?

समजा, कौटुंबिक ग्रुपवर मेसेज आला: ‘उद्या आपल्याकडे दंगल’. सोबत धूळ उडालेल्या गर्दीचा व्हिडिओ. तो जत्रेतला असू शकतो, दुसऱ्या राज्यातला असू शकतो, चार वर्षांपूर्वीचाही असू शकतो. हिंदीतून आलेल्या मेसेजमध्ये दंगल म्हणजे कुस्ती असू शकते आणि मराठी वाचणारा घाबरू शकतो. पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी बघाव्यात.

१. ‘दंगल’च्या आधी ‘कुस्त्यांची’ आहे का? मूळ मजकूर हिंदी आहे का?

२. गाव, तारीख, वेळ दिली आहे का? जत्रेच्या फलकावर या तिन्ही गोष्टी असतातच. अफवेत बहुधा एकही नसते.

३. बातमीत ‘दंगल’ शब्दाशिवाय प्रत्यक्ष काय घडले ते सांगितले आहे का? दगडफेक, मोर्चा, लाठीमार, संचारबंदी, नेमके काय?

४. पोलीस किंवा जिल्हा प्रशासनाने अधिकृतपणे काही सांगितले आहे का?

चारही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत मेसेज आपल्याच फोनमध्ये राहिलेला बरा.

थोडक्यात

‘दंगल’ हा फार्सीतून आलेला शब्द. मूळ अर्थ जमाव. हिंदीने त्यातला कुस्तीचा अर्थ ठेवला. मराठीने कुस्ती आणि हिंसा दोन्ही ठेवले, पण रोजच्या भाषेत हिंसेचा अर्थ वरचढ झाला. मराठवाड्याच्या जत्रांनी मात्र जुना अर्थ अजून जिवंत ठेवला आहे.

येत्या हंगामात जिल्ह्यात पुन्हा फलक लागतील. हलगी वाजेल आणि ध्वनिक्षेपकावरून नाव, गाव, वस्ताद पुकारले जातील. दोन मुले माती कपाळाला लावून हात मिळवतील. ‘दंगल बघायला चाललो’ असे सांगून माणूस हसत घराबाहेर पडू शकतो, अशा जागा आता थोड्याच उरल्यात. त्यातली एक अजून परभणीच्या जत्रेत आहे.